घर विकण्याआधी एक उन्हाळा

पत्र थोडक्यात असे: न्यू जर्सीत तीसहून अधिक वर्षे राहिलेल्या एका वाचक भगिनींनी ते लिहिले आहे. त्यांचे वय ६३, यजमानांचे ६७. यजमान तीन महिन्यांपूर्वी एका औषध कंपनीतल्या मोठ्या पदावरून निवृत्त झाले. राहते घर विकायचे, मोठे मोटरहोम (आतच राहता येईल अशी गाडी) घ्यायचे, उन्हाळ्यात मोंटाना किंवा वायोमिंगमधल्या एखाद्या कॅम्पग्राउंडवर दोघांनी ‘कॅम्प होस्ट’, म्हणजे तिथली देखभाल करणारे आणि पाहुण्यांना मदत करणारे, म्हणून काम करायचे, हिवाळा ॲरिझोनात काढायचा आणि अधल्यामधल्या काळात देश पाहायचा, असा यजमानांचा बेत आहे. एजंट घर पाहूनही गेला आहे. या बाईंना प्रवासाची आवड आहे. पण दर रविवारी त्या मराठी शाळेत शिकवतात, शिकागोजवळ राहणाऱ्या मुलीला ऑक्टोबरमध्ये पहिले बाळ होणार आहे आणि मोठी गाडी चालवण्याची त्यांना धास्ती वाटते. त्यातच पुण्याहून नणंदेचा फोन आला: ‘एवढे शिकून, एवढे कमावून शेवटी लोकांचे संडास धुणार का?’ त्या विचारतात, ‘यांनी आयुष्यभर आमच्यासाठी नोकरी केली. आता नाही म्हणाले तर मी स्वार्थी ठरते आणि हो म्हणाले तर माझे घर जाते. काय करू?’

सप्रेम नमस्कार.

घर विकणे आणि आरव्हीतून, म्हणजे अशा फिरत्या घरातून, फिरणे हे दोन वेगळे निर्णय आहेत. तुमच्या घरी ते एकच असल्यासारखे बोलले जात आहेत, आणि तुमचा जीव त्यातल्या पहिल्यात अडकला आहे. डोंगर, थंड पहाटा, नवी माणसे यांना तुमचा विरोध पत्रात कुठेच दिसला नाही. भीती आहे ती परतीची वाट बंद होण्याची, आणि ती अगदी रास्त आहे. या बेतात एकच बदल सुचवायचा झाला, तर मी म्हणेन की पहिली दोन-तीन वर्षे घर विकू नका. परत येता येईल अशी खात्री असली, तरच तुमचा होकार मनापासूनचा असेल. नाहीतर तो नाइलाजाने दिलेला होकार होईल आणि पहिल्याच पावसाळी आठवड्यात तो दोघांनाही बोचू लागेल.

यजमान म्हणतील, आपण नसताना न्यू जर्सीचा मालमत्ता कर कशाला भरायचा? त्यांचे म्हणणे बरोबर आहे, आणि त्यावर उत्तर म्हणजे घर भाड्याने देणे. अमेरिकेच्या आयकर कायद्यानुसार राहते घर विकून होणाऱ्या नफ्यापैकी एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या पतिपत्नीला ५,००,००० डॉलरपर्यंतचा नफा करमुक्त असतो. त्यासाठी विक्रीच्या आधीच्या ५ वर्षांपैकी किमान २ वर्षे घर तुमच्या मालकीचे आणि तुमच्या राहण्याचे असावे लागते. याचा अर्थ असा की तुम्ही बाहेर पडल्यावर जवळजवळ तीन वर्षे घर भाड्याने दिले आणि मग विकले, तरी ही सवलत हातची जात नाही. भाड्याच्या काळात घसाऱ्याची जी वजावट मिळते, तेवढ्या रकमेवर विकताना कर भरावा लागतो, तो हिशेब कर सल्लागाराकडून करून घ्या. तीस वर्षांपूर्वी घेतलेल्या घराची किंमत आज किती वाढली असेल, हे तुम्हाला सांगायला नको. ते विकून तीन वर्षांनी त्याच गावात तसेच घर पुन्हा घ्यायला गेलात, तर तेव्हाच्या किमतीने घ्यावे लागेल. आणि मोटरहोम विकायला गेलात, तर त्याची किंमत मात्र दरवर्षी उतरत गेलेली असेल.

आता कामाकडे वळते, कारण तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरली आहे जी तपासून पाहायला हवी. ‘काम करत करत देश पाहू’ असे यजमान म्हणतात. प्रत्यक्षात कॅम्प होस्ट हा त्या मोसमापुरता एका जागेला बांधलेला असतो. उत्तरेकडच्या कॅम्पग्राउंडचा मोसम साधारण मे अखेरच्या मेमोरियल डेपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या लेबर डेपर्यंत असतो, गर्दी शुक्रवार ते रविवार असते, आणि त्याच वारांना होस्टने हजर असणे अपेक्षित असते. सुट्टी मिळते ती आठवड्याच्या मध्ये. दोन दिवसांत जाऊन येता येईल एवढाच परिसर पाहून होतो. ज्यांना देश पाहायचा आहे, त्यांना हे काम पायातली बेडी वाटू शकते. आणि ज्यांना एका जागी राहून, चार माणसांच्या उपयोगी पडत उन्हाळा काढायचा आहे, त्यांच्यासाठी तेच काम मुख्य आनंद असते. तुमच्या यजमानांना यातले नेमके काय हवे आहे, हे त्यांना विचारा. वाद म्हणून नव्हे, खरोखर जाणून घेण्यासाठी विचारा. ज्या माणसाच्या सहीसाठी काल-परवापर्यंत लोक थांबत होते, त्याला निवृत्तीनंतरच्या तिसऱ्या महिन्यात आपली कोणाला गरज उरली नाही असे वाटणे फार स्वाभाविक आहे. कॅम्प होस्टचे दार दिवसभर कोणी ना कोणी ठोठावत असते: पाण्याचा नळ कुठे आहे, सरपण मिळेल का, शेजारच्या साइटवर (गाडी किंवा तंबू लावायच्या जागेवर) रात्री दहानंतरही गाणी चालू आहेत. ओढ त्या दार ठोठावण्याची असेल, तर ती वर्षातल्या तीन महिन्यांत आणि घर न विकताही पुरी होऊ शकते.

हे काम कसे असते, याची थोडी कल्पना असावी म्हणून सांगते. आदल्या रात्री पाहुण्यांनी ‘विझवली’ म्हणून सोडलेली प्रत्येक शेकोटी सकाळी तपासावी लागते. लोखंडी कड्यातल्या राखेवर पाणी ओतायचे, फावड्याने तळापर्यंत ढवळायचे, पुन्हा पाणी ओतायचे, मग हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन ऊब लागत नाही ना हे पाहायचे आणि त्यानंतरच ती राख धातूच्या बादलीत भरायची. कोरड्या ऑगस्टमध्ये तळाशी राहिलेला एक निखाराही वणवा लावू शकतो, म्हणून यात घाई चालत नाही. भिजलेल्या राखेची बादली जड असते. एका साइटचे काम झाले की पुढची साइट असते, आणि दुपारपर्यंत कंबर बोलू लागते. ज्यांच्या गुडघ्यांची किंवा पाठीची तक्रार आहे, त्यांनी अर्ज करतानाच ते सांगावे. नोंदणीची खिडकी किंवा माहिती केंद्र सांभाळणे अशी बैठी कामेही बऱ्याच ठिकाणी असतात.

आणि हो, शौचालयेही असतात. तुमच्या नणंदेचा प्रश्न तुम्हाला लागला, हे पत्रात जाणवले. आपल्याकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या काही जातींच्या माथी मारले गेले आणि त्याच कारणाने ते हलके ठरवले गेले; त्या अन्यायातून आलेली किळस आपण इतक्या दूरवर सोबत वागवावी, असे मला वाटत नाही. हातात खराटा घेऊन गावेच्या गावे झाडणाऱ्या गाडगेबाबांना आपला समाज संत म्हणतो. नणंदेला एवढेच सांगा की रोज शेकडो लोक वापरतात ती जागा आम्ही स्वच्छ ठेवणार आहोत. मात्र त्या बोलण्याने तुम्ही स्वतः दुखावलात की यजमानांच्या बेताला नकार द्यायला एक आयते कारण मिळाले म्हणून ते मनात राहिले, हेही स्वतःला शांतपणे विचारून पाहा. दुसरे असेल तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. फक्त नकार स्वतःच्या नावाने द्यावा, नणंदेच्या नावाने देऊ नये.

कामाची प्रतिष्ठा आणि कामाच्या अटी या दोन निराळ्या बाबी आहेत, आणि अटींबाबत मी तुम्हाला पुरेपूर कठोर व्हायला सांगेन. राष्ट्रीय उद्याने, वन विभाग किंवा लष्कराच्या अभियंता विभागाच्या तलावांकाठची कॅम्पग्राउंड्स येथे होस्ट बहुधा स्वयंसेवक असतात: आठवड्याला साधारण २० ते ३० तास काम आणि मोबदल्यात वीज-पाण्याच्या जोडणीसह साइट मोफत. संघराज्य सरकारच्या जागी अधिकृत स्वयंसेवक म्हणून नोंदलेल्याला कामावर इजा झाली, तर सरकारी भरपाईचे संरक्षण असते. या जागांच्या जाहिराती व्हॉलंटीअर डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर येतात. नफ्यासाठी चालणाऱ्या खाजगी कॅम्पग्राउंडला मात्र कायद्याने ‘स्वयंसेवक’ ठेवता येत नाहीत. तिथे तुम्ही कर्मचारी असता आणि तुमच्या प्रत्येक तासाचा हिशेब झाला पाहिजे. समजा, एका साइटचे महिन्याचे भाडे ६०० डॉलर आहे आणि त्या बदल्यात दोघांकडून मिळून आठवड्याला ४० तासांची अपेक्षा आहे. महिन्याला सुमारे १७० तास भरतात आणि तासाला साडेतीन डॉलर पडतात. संघराज्याचे किमान वेतनच ७.२५ डॉलर आहे. म्हणून तास प्रत्येकी की दोघांचे मिळून, सुट्टीचे दिवस सलग की तुटक, विजेचे बिल कोण भरणार, एकाला आजारपणामुळे थांबावे लागले तर दुसऱ्याची साइट राहील का, हे सगळे जाण्याआधी लेखी घ्या. २००८ च्या मंदीत घर आणि बचत गमावलेली अनेक वयस्कर माणसे याच मार्गाला पोटासाठी लागली आणि त्यांना मिळेल त्या अटीवर काम करावे लागले. तुम्हाला ‘नाही’ म्हणण्याची सोय आहे, ती वापरा.

वेतन घेणार असाल, तर आणखी एक गोष्ट. तुम्ही ६२ नंतर लवकर सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) सुरू केली असेल, तर पूर्ण निवृत्तीवयापर्यंत कमाईवर मर्यादा आहे आणि तिच्या वर मिळवलेल्या दर २ डॉलरमागे १ डॉलर लाभातून रोखला जातो. यजमानांनी ते वय ओलांडले असल्याने त्यांना ही मर्यादा लागू नाही.

तुमच्या पत्रात ज्याचा उल्लेखही नाही आणि ज्याला सर्वांत जास्त घाई आहे, तो विषय आरोग्यविम्याचा. यजमानांचे मेडिकेअर (६५ नंतरचा सरकारी आरोग्यविमा) पार्ट बी, म्हणजे त्यातला डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, निवृत्तीनंतर आत्ताच सुरू झाले असेल, तर ते सुरू झालेल्या महिन्यापासून ६ महिने त्यांना मेडिगॅप ही मेडिकेअरला पूरक खाजगी पॉलिसी तब्येतीची चौकशी न होता मिळण्याचा हक्क आहे. ही मुदत उलटली की बहुतेक राज्यांत विमा कंपनी जुने आजार पाहून नकार देऊ शकते. मूळ मेडिकेअर देशभर, मेडिकेअर स्वीकारणाऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे चालते. मेडिकेअर ॲडव्हान्टेजच्या, म्हणजे मूळ मेडिकेअरऐवजी खाजगी कंपन्यांकडून घ्यायच्या, बऱ्याच योजना मात्र ठरावीक भागातल्या डॉक्टरांपुरत्या असतात. न्यू जर्सीत बसून स्वस्त वाटणारी योजना मोंटानात तातडीच्या उपचारांपलीकडे फारशी उपयोगी पडणार नाही. आणि तुमचे काय? तुम्हाला मेडिकेअर मिळायला अजून दोन वर्षे आहेत. कोब्रा या कायद्याखाली जुन्या नोकरीचा विमा सहसा १८ महिने पुढे चालवता येतो. तो महाग असतो, पण त्याचे डॉक्टरांचे जाळे देशभर असेल तर फिरत्या माणसाला तो परवडू शकतो. मार्केटप्लेसवरचा, म्हणजे सरकारी विमा-बाजारातून स्वतः घेतलेला, विमा राहत्या पत्त्याशी बांधलेला असतो आणि त्यातल्या अनेक योजना राज्याबाहेर तातडीच्या उपचारांखेरीज काही देत नाहीत. साऊथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडाचा पत्ता घेऊन आयकर वाचवण्याच्या गप्पा तुमच्या कानावर येतील. तो पत्ता बदलला की विमा, मतदान, मृत्युपत्र सगळेच बदलते, म्हणून तो विषय आत्ता बाजूला ठेवा. मेडिकेअरबद्दल प्रत्येक राज्यात ‘शिप’ नावाची मोफत सल्लासेवा आहे, तिथे याच आठवड्यात वेळ घ्या.

गाडी चालवण्याच्या तुमच्या धास्तीबद्दल मी मुद्दाम वेगळे लिहिते. दोघांपैकी एकालाच गाडी चालवता येते, अशी जोडपी पुष्कळ दिसतात आणि मला त्यांची फार काळजी वाटते. गावापासून पन्नास मैलांवर यजमानांच्या छातीत दुखू लागले, तर ती गाडी कोण हलवणार? यावर दोनच मार्ग आहेत. एक, गाडी तुम्हालाही चालवता येईल एवढीच लहान घ्यायची आणि रिकाम्या पार्किंगमध्ये प्रशिक्षकाकडून ती मागे घ्यायला शिकायचे. दुसरा, जोडून न्यायचे ट्रेलर घ्यायचे आणि ते साइटवर उभे केले की साधी गाडी मोकळी राहील असे करायचे. हा निर्णय तुमच्या हातांना काय झेपते त्यावर ठरला पाहिजे, शोरूममध्ये यजमानांना काय आवडले त्यावर नव्हे. नेहमीच मोठी गाडी चालवणाऱ्यांनी एवढेही पाहावे की २६,००० पौंडांच्या वर वजन असलेल्या मोटरहोमला काही राज्यांत वेगळा परवाना लागतो.

स्वयंपाकाचेही सांगायला हवे, कारण आपल्या घरांत तो दिवसाचा मोठा भाग असतो. बऱ्याच साइटवर ३० अँपियरची जोडणी मिळते. १२० व्होल्टला तिचे ३,६०० वॉट होतात. एसी सुमारे १,५०० वॉट घेतो, इंडक्शन पूर्ण आचेवर १,८००. तेवढ्यात कोणी चहाचे पाणी मायक्रोवेव्हमध्ये ठेवले की ब्रेकर पडतो. फोडणीचा वास पांघरुणांत मुरतो, म्हणून बहुतेक मराठी स्वयंपाक बाहेर, गाडीला लावलेल्या कापडी छताखालच्या गॅसच्या शेगडीवर करावा लागेल. आणि अस्वलांच्या मुलखात जेवणाचा कणही बाहेर ठेवता येत नाही, त्यामुळे रोज सगळे आवरून आत किंवा अस्वलांपासून सुरक्षित पेटीत न्यावे लागते. प्रेशर कुकर विसरू नका. सात-आठ हजार फुटांवर पाणी कमी तापमानाला उकळते आणि साध्या पातेल्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. हे सगळे रोज कोण करणार, याचे उत्तरही निघण्यापूर्वीच ठरू द्या. घर लहान झाले म्हणून घरकाम आपोआप वाटले जात नाही.

आता तुमचे वर्ष माझ्यासमोर ठेवून पाहते. मराठी शाळा सप्टेंबर ते जून चालते आणि उन्हाळ्यात बंद असते. होस्टचा मोसम बराचसा त्याच सुट्टीत येतो. मुलीचे बाळंतपण ऑक्टोबरात आहे आणि तेव्हा तुम्ही दोघे मोकळे असाल. म्हणजे तुम्हाला जे सोडावे लागेल असे वाटत होते, त्यातले बरेचसे सोडावे लागतच नाही. अडचण फक्त ॲरिझोनाच्या हिवाळ्याची उरते. तिथे क्वार्ट्झसाइटजवळ सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात परवाना काढून दीर्घ मुक्काम करता येतो आणि हजारो निवृत्त माणसे तिथे थंडी घालवतात. यजमानांना ती ओढ असेल, तर जानेवारीत त्यांनी एकट्याने किंवा एखाद्या मित्राबरोबर तीन आठवडे जाऊन यावे. आपल्या घरांत असा विचार चटकन केला जात नाही, नवरा-बायकोने सगळे एकत्रच करायचे असे आपण धरून चालतो. परंतु एवढ्या वर्षांच्या संसाराला तीन आठवड्यांच्या अंतराने काही होत नाही, आणि तुमचे वर्ग चालू राहतात.

या वर्षीच्या उन्हाळ्यासाठीच्या चांगल्या जागा बहुतेक हिवाळ्यातच भरून गेलेल्या असतील. त्यामुळे या जुलैत एक लहान आरव्ही भाड्याने घ्या आणि दोन-तीन आठवडे होस्ट असलेल्या कॅम्पग्राउंडवरच राहा. वयाची ६२ वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकांना आणि ग्रीनकार्डधारकांना ८० डॉलरमध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आजीवन सीनियर पास मिळतो आणि संघराज्याच्या बऱ्याच कॅम्पग्राउंडवर त्यामुळे साइटचे भाडे निम्मे होते. तिथल्या होस्ट जोडप्याशी बोला, आणि त्यांतल्या बाईंशी तुम्ही एकट्याने बोला. पाऊस सलग तीन दिवस पडला तर दोघे आत काय करता, औषधे कशी मागवता, कोणत्या गोष्टीची आठवण येते, हे विचारा. घाण पाण्याची टाकी रिकामी करण्याचे काम तुम्ही दोघांनीही एकेकदा स्वतः करून पाहा. आवडले, तर पुढच्या हिवाळ्यात एका उन्हाळ्यासाठी अर्ज करा, घर त्या काळापुरते भाड्याने द्या किंवा ओळखीच्या कोणाच्या हवाली करा. गाडी विकत घेण्याचा प्रश्न त्यानंतरचा.

वयाचा विचारही मोकळेपणाने करा. टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टन गावी पूर्णवेळ आरव्हीत राहिलेल्या आणि आता फिरणे न झेपणाऱ्या वृद्धांसाठी त्यांच्याच संघटनेच्या आवारात देखभालीची सोय आहे, कारण हा दिवस प्रत्येकाला येतो हे त्या लोकांनी ओळखले. तुमच्यासाठी तो दिवस न्यू जर्सीच्या घरी यायचा की मुलीजवळ शिकागोला, हे आत्ताच दोघांनी ठरवून लिहून ठेवा. कोणत्या कारणाने थांबायचे तेही लिहा: एकाचा आजार, नातवंडाची गरज, किंवा दोघांपैकी कोणाही एकाचे ‘आता पुरे’. हे शेवटचे कारण पुरेसे मानले जाईल, असे यजमानांनी तुम्हाला शब्द देऊन सांगावे.

बोलायला बसण्याआधी दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर पुढच्या वर्षीच्या जुलैतल्या एका साध्या बुधवारचे वर्णन लिहावे, सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत: कोण आधी उठते, चहा कोण करते, कुठे जाता, कोणाशी बोलता, दुपारी एकटे कोण असते. मग कागद बदलून वाचा. त्यांच्या कागदावर तुम्ही कुठे आहात आणि तुमच्या कागदावर ते कुठे आहेत, यावरून बोलायचा विषय आपोआप पुढे येईल. एजंटला मात्र वाट पाहायला लावू नका. घर इतक्यात विक्रीला काढायचे नाही हे त्याला या आठवड्यातच कळवा. तो फोन शक्यतो यजमानांनी करावा, म्हणजे तो तुमचा नकार न ठरता दोघांचा निर्णय ठरेल.